जाम झालेला स्टड

लहान मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं मिळून वजन शंभर किलोंच्या वर सहज जातं. हे धूड गाडीच्या सांगाड्याला तीन किंवा चार ठिकाणी टेकलेलं असतं आणि प्रत्येक टेकूत रबर असतं. इंजिनाची थरथर आत बसलेल्यांपर्यंत पोचू नये, हे त्या रबराचं काम. सुरुवातीच्या काळातल्या बहुतेक मोटारींत इंजिन सरळ चौकटीवरच आवळलेलं असे. १९३१ साली अमेरिकेत क्रायसलरने आपल्या प्लिमथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबरावर असं टांगलं, की ते स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या आसाभोवती डोलू शकेल. ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने ही कल्पना गाजली. फ्रान्सच्या सित्रोएनने लगेच तिचा परवाना घेतला आणि आपल्या गाड्यांवर पाण्यात तरंगणाऱ्या हंसाचं चिन्ह लावलं.

आज प्रत्येक मोटारीत असे रबरी टेकू, म्हणजे माउंटिंग, असतात. रबर काही वर्षांनी चिरतं, बसतं, आणि सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरू लागतं. माउंटिंग बदलणं हे तसं सोपं काम. काम अडतं ते रबरापाशी नाही, तर ज्या ब्रॅकेटला ते माउंटिंग लावलेलं असतं त्या ब्रॅकेटच्या स्टडपाशी. नट फिरत नाही. फिरला तर स्टडचे आटे सोबत घेऊन येतो. किंवा नट आणि स्टड दोघे एकजीव होऊन अर्ध्यातच थांबतात. खराब झालेला स्टड ब्रॅकेटमधून काढून नवा बसवावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं जागचा हललेला नसतो.

या प्रकरणात तो कसा काढायचा ते पाहू. पाने, तेल, आग, वेल्डिंग, ड्रिल अशी साधनं बरीच आहेत. पण कोणतं साधन कितव्या क्रमांकाला हातात घ्यायचं, यावर ब्रॅकेट वाचतो की भंगारात जातो ते ठरतं.

बोल्ट का नाही?

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला, डोकं नसलेला दांडा. एक टोक ब्रॅकेटमध्ये कायमचं बसतं, दुसऱ्या टोकावर नट येतो. डोकं नसल्यामुळेच तो काढायला अवघड. मग कारखान्यात सरळ बोल्टच का वापरत नाहीत?

पहिलं कारण ब्रॅकेटच्या धातूत आहे. वजन कमी ठेवण्यासाठी आजचे बरेच ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव असतात. अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यात पोलादी बोल्ट वारंवार घातला-काढला तर भोकातले आटे झिजतात. स्टड एकदा बसवला की पुढची सगळी आवळा-आवळ पोलादी स्टड आणि पोलादी नट यांच्यात होते. अ‍ॅल्युमिनियमला धक्का लागत नाही. म्हणूनच कित्येक स्टडच्या दोन टोकांचे आटे वेगळे असतात: अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला १.५ मिलिमीटर अंतराचे जाडे, नटाच्या बाजूला १.२५ चे बारीक. दुसरं कारण जोडणीचं. साखळी-कप्पीला टांगलेलं इंजिन खाली आणताना भोकं जुळवत बोल्ट शोधत बसण्यापेक्षा उभ्या स्टडवर माउंटिंग अलगद उतरवणं सोपं जातं.

स्टड हा बदलता येणारा भाग आहे, भोकातले आटे नाहीत. स्टड कापा, जाळा, वितळवा, त्याचं दुःख नाही. भोकातल्या आट्यांना मात्र जपायचं. पुढची प्रत्येक पायरी या एका हिशेबाने ठरते.

दोन आकड्यांची शर्यत

जाम स्टडपुढे उभं राहिलं की पहिला विचार लांब पान्याचा येतो. पान्याला पाइप लावला की काम झालं, असा समज. इथे थोडं गणित कामाला येतं.

दोन आकडे डोळ्यांपुढे ठेवायचे. एक, स्टड सुटायला लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क. दुसरा, स्टड तुटण्याआधी सोसू शकेल तो पीळ. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा कमी असेल तर स्टड सुटतो, जास्त असेल तर तुटतो. पान्याची लांबी या दोनपैकी एकाही आकड्यावर परिणाम करत नाही.

एम-१० म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचा स्टड घेऊ. माउंटिंगला हा नेहमीच्या मापांपैकी एक. त्यावर ८.८ हा दर्जा असेल तर पोलादाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, ते कायमचं वाकू लागतं. हिशेब केला तर असा स्टड नवा असताना साधारण ७० ते ८० न्यूटन-मीटर पिळाला तुटतो, आणि पिळवटायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ८० न्यूटन-मीटर आणायला साधारण ३२ किलो जोर लागतो. पाइप लावून लांबी साठ सेंटिमीटर केली की तेरा-चौदा किलो पुरतात. शाळकरी पोरानेही स्टड तोडावा इतकं ते सोपं होतं. लांब पाना माणसाची ताकद वाढवतो, स्टडची नाही.

शिवाय दांड्याची पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. गंजाने व्यास दहा टक्के कमी झाला तर ताकद सत्तावीस टक्के घटते. एम-८ चा स्टड एम-१० च्या निम्माच पीळ सोसतो.

तेव्हा जाम स्टडपुढे दोनच गोष्टी हातात उरतात. सुटायला लागणारा पीळ कमी करायचा, आणि जो पीळ द्यायचा तो सरळ, न वाकवता द्यायचा. तेल, उष्णता, हातोडी हे सगळे पहिल्या कामाचे. दोन नट, एक्स्ट्रॅक्टर, वेल्ड केलेला नट हे दुसऱ्या.

कशामुळे जाम झाला?

उपाय कारणावर अवलंबून असल्यामुळे आधी निदान. स्टड जाम होण्याची कारणं मुख्यतः तीन, आणि तिघांची खूण वेगळी.

पहिलं गंज. बिडाच्या ब्रॅकेटमध्ये पोलादी स्टड असेल तर हाच संशयित. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं. आट्यांमधल्या फटीत त्याला पसरायला जागा नसते, म्हणून पावसाळ्यात फुगलेल्या दरवाजासारखा तो चौकटीतच आवळून बसतो. खूण: तपकिरी भुकटी, नटाच्या कडा पापुद्रे सुटलेल्या.

दुसरं, दोन धातूंचं वैर. ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले की छोटीशी बॅटरीच तयार होते. त्यात झीज होते ती अ‍ॅल्युमिनियमची. त्याचा पांढरा, पिठासारखा क्षार आट्यांमध्ये भरतो आणि स्टडला जखडतो. पाण्यात मीठ असेल तर हे फार वेगाने होतं. युरोप आणि उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पसरतात, तिथे खालच्या अंगाचा प्रत्येक बोल्ट हा एक प्रश्न असतो. आपल्याकडे किनारपट्टीला हेच काम खारं वारं करतं. अलिबाग, रत्नागिरी, मालवणला वाढलेली गाडी आणि सोलापूरला वाढलेली गाडी यांचे स्टड एकाच वयात सारखे नसतात.

तिसरं कारण मुद्दाम घातलेलं असतं: थ्रेडलॉकर. नट-बोल्ट थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून लावायचा हा द्रव हवेत ओलाच राहतो. हवा कोंडली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रिबल यांनी १९५३ मध्ये तो तयार केला आणि त्यातून ‘लॉकटाइट’ हे नाव घरोघरच्या गॅरेजात गेलं. निळा प्रकार हातातल्या पान्याने सुटतो. लाल प्रकार सोडवायचा तर सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. खूण: आट्यांच्या तोंडाशी रंगीत, प्लास्टिकसारखा पापुद्रा. तो दिसला तर तेल ओतण्यात वेळ घालवू नये. तेलाला इथे करण्यासारखं काही नसतं.

हात लावण्याआधी

माउंटिंग सुटं करण्यापूर्वी इंजिनाला आधार हवा. वरून साखळी-कप्पी किंवा आडवा सपोर्ट बार लावणं सर्वांत बरं. खालून जॅक लावायचा तर ऑइलच्या चेंबरखाली जाड लाकडी फळी हवीच, नाहीतर पत्र्याचं चेंबर चेपतं. एका वेळी एकच माउंटिंग सोडायचं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायची.

त्यानंतर शक्य असेल तर अख्खा ब्रॅकेट काढून व्हाइसमध्ये धरावा. गाडीखाली झोपून, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पाना, असा दिलेला पीळ कधीच सरळ जात नाही. व्हाइसमध्ये दोन्ही हात मोकळे असतात आणि रबर, वायरिंग, पेट्रोलचे पाइप यांच्यापासून आग लांब राहते. ब्रॅकेट धरताना व्हाइसच्या जबड्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा लाकूड ठेवावं.

मग तारेचा ब्रश. स्टडच्या मुळाशी साठलेला चिखल, गंज, ग्रीस निघाल्याशिवाय तेल आत जाणार नाही. स्टड भोकाच्या आरपार असेल तर मागची बाजूही साफ करायची. बाहेर आलेल्या गंजक्या आट्यांची टोकं भोकातून मागे ओढली जाताना चांगले आटेही फाडतात.

तेल, हातोडी आणि एक रात्र

एम-१० च्या जाड्या आट्यांमध्ये प्रमाणित बसणीनुसार व्यासात कमीत कमी ०.०३२ मिलिमीटर मोकळीक ठेवलेली असते. एवढ्या फटीत पातळ तेल केशाकर्षणाने आपोआप ओढलं जातं, पण फट क्षाराने भरलेली असेल तर फार सावकाश. म्हणून पेनिट्रेटिंग तेलाला वेळ द्यायचा. संध्याकाळी मारून सकाळी काम करणं, आणि मधल्या वेळात एक-दोनदा पुन्हा थेंब सोडणं, हे एकाच वेळी अर्धा डबा ओतण्यापेक्षा जास्त लागू पडतं.

गॅरेजात हात पहिल्यांदा जातो तो डब्ल्यूडी-४० कडे. ते १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत रॉकेट केमिकल कंपनीने बनवलं ते पाणी हटवण्यासाठी. नावातला ‘डब्ल्यूडी’ त्याचाच, आणि चाळीस म्हणजे जमून आलेला चाळिसावा प्रयोग. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. जाम आट्यांसाठी खास बनवलेली पेनिट्रेटिंग तेलं वेगळी मिळतात आणि ती जास्त चालतात. आपल्या जुन्या मिस्त्रींचं रॉकेल किंवा डिझेल हे त्याच जातीचे पातळ द्रव. अमेरिकेतले हौशी लोक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळतात. हे मिश्रण आत शिरतं खरं, पण अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, रंग आणि रबर खातं. त्याच्या जवळपास बर्नर पेटवू नये.

तेलाच्या जोडीला हातोडी. स्टडच्या टोकावर नट चढवून, त्यावर पितळी ड्रिफ्ट ठेवून सरळ, हलके पण भरपूर ठोके द्यायचे. जोर नको, कंप हवा. प्रत्येक ठोक्याने क्षाराला सूक्ष्म तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल पुढे सरकतं. आडवे ठोके मात्र नाहीत; ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा कान एका आडव्या घावाने उडतो.

दोन नटांची युक्ती

आता पकड. स्टडचे बाहेरचे आटे शाबूत असतील तर दोन नटांइतकं सोपं आणि सरळ साधन नाही. एम-१० चा नट सुमारे ८ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे सतरा मिलिमीटर आटे बाहेर हवेत. पाना कोणता लागेल ते गाडीच्या वंशावर: जपानी घराण्यातल्या गाड्यांना बहुधा १४, नव्या युरोपी मापाला १६, जुन्या जर्मन मापाला १७.

पहिला नट चढवायचा, वर दुसरा, आणि दोन पान्यांनी ते एकमेकांवर घट्ट आवळायचे. मग पाना लावायचा तो खालच्या नटाला, आणि फिरवायचा उलटा. उलटा फिरणारा खालचा नट वर सरकू पाहतो, वरचा त्याला अडवतो, आणि दोघं मिळून स्टडलाच फिरवतात. वरच्या नटाला पाना लावला तर तो नुसता सुटून हातात येतो. नवा स्टड बसवताना याच्या उलट: पाना वरच्या नटाला.

आटे गेलेले असतील तर स्टड एक्स्ट्रॅक्टर. त्यात रोलर किंवा विकेंद्री चाक असतं आणि पीळ वाढेल तशी पकड वाढते. तो स्टडच्या शक्य तितक्या मुळाशी धरायचा. काही स्टडच्या टोकाला टॉर्क्सची सहा पाकळ्यांची चावी घडवलेली असते, पण ती बसवण्यासाठी. जाम स्टडला ती बहुधा पुरी पडत नाही. शेवटी व्हाइस ग्रिप. नेब्रास्कातल्या डिविट गावच्या विल्यम पीटरसन या डॅनिश लोहाराने १९२४ साली पेटंट घेतलेलं हे हत्यार मोलाचं आहे, पण ते एका बाजूने ओढतं आणि स्टडला पिळण्याबरोबर वाकवतंही. वाकलेला स्टड भोकात आणखी रुततो.

पाना लागल्यावर हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष हवं. सुटणारा स्टड आधी ‘टक्’ असा कोरडा आवाज करतो आणि एकदम किंचित सरकतो. न सुटणारा स्टड आवाज न करता मऊपणे वळू लागतो. पाना पुढे जातो, जोर काढला की थोडा मागे येतो, आणि दर वेळी थोडा कमी मागे येतो. हे रबरी वळणं म्हणजे पोलाद पिळवटत असल्याची खूण. तिथेच थांबायचं. त्यानंतरचा पाव फेरा स्टड तोडतो.

‘टक्’ झालं तरी घाई नाही. अष्टमांश फेरा उलटा, मग तेवढाच सुलटा, मग थोडा जास्त उलटा. मधूनमधून तेल. सुटलेला क्षार आट्यांत गोळा होतो. सलग फिरवलं तर तोच दाटून पुन्हा जाम करतो.

उष्णता कुणाला द्यायची?

तेलाने न सुटलेल्या स्टडसाठी पुढची पायरी आगीची. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्या स्वभावातला एक फरक इथे आपल्या बाजूने असतो. दर अंशाला पोलाद प्रति मीटर सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम २३. दहा मिलिमीटरच्या भोकाभोवतीचा ब्रॅकेट दीडशे अंशांनी तापवला तर भोक सुमारे ०.०३५ मिलिमीटर मोठं होतं, आणि स्टडही तितकाच तापला तरी ०.०१८ च जाड होतो. उरतात सोळा-सतरा मायक्रोमीटर. आकडा चिमुकला वाटतो, पण आट्यांमध्ये मुळात ठेवलेली मोकळीकच बत्तीस मायक्रोमीटर आहे. तिच्या निम्म्याहून जास्त फट आपण आगीने विकत घेतो.

म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये ज्योत द्यायची ती ब्रॅकेटला, स्टडला नाही. बिडाच्या ब्रॅकेटमध्ये हा फायदा नाही, कारण बीड आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात. तिथे उलट करतात: स्टडलाच लाल होईपर्यंत तापवायचं आणि निवू द्यायचं. तापताना तो फुगून भोवतीचा गंज चिरडतो, निवताना आक्रसतो, आणि मधे फट राहते. यासाठी इंडक्शन हीटर सर्वांत नेमका. त्याची गुंडाळी स्टडभोवती बसते आणि उघडी ज्योत लागत नाही.

अ‍ॅल्युमिनियम तापवताना मोठा धोका असा की ते रंग बदलत नाही. लोखंड लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम वितळेपर्यंत चंदेरीच राहतं आणि ६६० अंशांच्या आसपास, मिश्रधातू असेल तर त्याच्याही आधी, अचानक ढासळतं. त्याआधीच, दोनशेच्या वर बराच वेळ राहिलं तर कारखान्यात उष्णता-प्रक्रियेने दिलेली ताकद कमी होऊ लागते. म्हणून बेत दीडशेचा ठेवावा. इन्फ्रारेड तापमापी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर चुकीचा, कमी आकडा दाखवतो. काळ्या मार्करने एक ठिपका रंगवून तिथे रोखावा. बर्नर एका जागी न धरता फिरवत राहावा. लाल थ्रेडलॉकर असेल तर अडीचशेला जावंच लागतं, पण तेवढ्यापुरतं आणि पटकन.

तापलेल्या आट्यांच्या तोंडाशी साधी मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. तेलासारखं ते लगेच जळून जात नाही. ही जुनी युक्ती आजही चालते.

तीन सावधगिऱ्या. ब्रॅकेटला रबर जोडलेलं असताना आग नाही; काही माउंटिंगच्या पोटात द्रव भरलेला असतो आणि ते फुटू शकतं. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागाला आग नाही. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि ते तापून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि ब्रॅकेट मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असल्याची शंका असेल तर बर्नर बाजूला ठेवायचा.

तुटलाच तर

तुटला म्हणून सगळं संपत नाही, पण पर्याय कमी होतात. किती उरलाय त्यावर पुढचं ठरतं.

थोडा बाहेर असेल किंवा ब्रॅकेटच्या पातळीत असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जावं. तुटलेल्या टोकावर वायसर आणि वर नट ठेवून नटाच्या पोटातून मिगने वेल्ड भरायचं. पोलादाचं वेल्ड पोलादाला धरतं, अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. त्यामुळे स्टडला नवं डोकं मिळतं आणि भोक बरंचसं सुरक्षित राहतं. शिवाय वेल्डची उष्णता थेट स्टडच्या आत जाते. वेल्ड झाल्या झाल्या फिरवू नये. त्या क्षणी स्टड तापून फुगलेला असतो आणि पकड उलट घट्ट असते. लाली जाऊन उष्णता ब्रॅकेटमध्ये पसरली की मेण लावून, कोमट असताना, पुढे-मागे हलवायचा. नट पहिल्यांदा तुटून आला तर दुसरा लावायचा. प्रत्येक वेल्डने जाम आणखी ढिला होतो.

आत तुटला असेल तर ड्रिल. तुटलेलं टोक शक्य तितकं सपाट करून अगदी मध्यावर पंच मारायचा. मध्य चुकला तर ड्रिल कठीण पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतो. म्हणून लेथवाल्याकडून भोकाच्या मापाची, मध्ये छिद्र असलेली गाइड बुश करून घेणं परवडतं. शक्य तर डाव्या फिरकीचे ड्रिल वापरायचे. कापता कापता ते स्टडला सुटायच्या दिशेनेच ढकलतात, आणि पोकळ झालेला स्टड पुष्कळदा त्यावरच फिरून बाहेर येतो. नाहीच आला तर ३ मिलिमीटरपासून वाढवत १.५ अंतराच्या एम-१० ला ८.५ पर्यंत जायचं. मग उरते ती आट्यांमधली पोलादाची पातळ गुंडाळी. ती टोकदार सळईने सोलून काढता येते.

बाजारात तुटलेला स्टड काढायचा ‘ईझी आउट’ मिळतो, तो घेण्यापूर्वी मघाचे दोन आकडे आठवावेत. दहा मिलिमीटरचा अख्खा स्टड जो पीळ सोसू शकला नाही, तोच पीळ आता त्याच्या पोटात बसवलेल्या पाच-सहा मिलिमीटरच्या ठिसूळ दांड्यातून द्यायचा. शिवाय त्याचा निमुळता आकार स्टडच्या भिंती बाहेर ढकलून पकड वाढवतो. जाम नसलेला, नुसता आडव्या घावाने तुटलेला स्टड तो छान काढतो. गंजून तुटलेल्यात मात्र तो स्वतः तुटतो, आणि तो इतका कठीण असतो की साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

असा प्रसंग आलाच तर ठिणग्यांनी धातू झिजवणारं यंत्र कामी येतं. मॉस्कोत बोरिस आणि नतालिया लाझारेंको या दांपत्याने १९४३ मध्ये विजेच्या ठिणग्या धातू झिजवतात या त्रासदायक गुणाचं हत्यार केलं. ते ठिणगी-यंत्रण आज भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये रोजचं आहे. त्याला धातू कठीण की मऊ याचं सोयरसुतक नसतं. अडकलेला आटे पाडायचा टॅप किंवा ईझी आउट ते भोकाला न शिवता कोरून काढतं.

आणि एक उपाय अगदी घरचा. तुरटीच्या गरम द्रावणात पोलाद हळूहळू विरघळतं, अ‍ॅल्युमिनियमला मात्र फारसा धक्का लागत नाही. घड्याळजी आणि दागिने घडवणारे तुटलेले बारीक पोलादी तुकडे असे काढत आले आहेत. ब्रॅकेट पूर्ण सुटा, त्यात दुसरा पोलादी भाग नाही आणि तुकडा लहान असेल तर हा मार्ग आहे. फक्त काही तासांपासून काही दिवसांपर्यंत धीर हवा.

नवा स्टड

जुना निघाला की भोकात टॅप फिरवून आटे साफ करायचे, हवेने फुंकायचे. पलीकडून बंद असलेल्या भोकात तेल साठू देऊ नये. स्टड घातल्यावर कोंडलेलं तेल दाबाने ओतीव ब्रॅकेटला तडा देऊ शकतं. आटे गेलेच असतील तर स्टेनलेस तारेची इन्सर्ट गुंडाळी बसवता येते. एम-१० साठी भोक सुमारे १०.४ मिलिमीटरचं करून खास टॅपने आटे पाडायचे आणि गुंडाळी आत फिरवायची. मोठ्या व्यासावर भार वाटला जात असल्याने अ‍ॅल्युमिनियममध्ये ही दुरुस्ती मुळापेक्षा कमकुवत नसते.

नव्या स्टडचा दर्जा जुन्याइतकाच हवा. स्टड हाताने पूर्ण बसवून, कंपनीने सांगितलं असेल तेवढाच आवळायचा; खरा टॉर्क नटाला. ८.८ दर्जाच्या एम-१० ला तो सर्वसाधारणपणे पन्नास न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण अखेरचा शब्द त्या गाडीच्या पुस्तिकेचा. आवळताना दिलेल्या शंभर भाग पिळापैकी साधारण पन्नास नटाच्या बुडाच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या, आणि जेमतेम दहा स्टडला ताणतात. म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क जसाच्या तसा मारला तर वाचलेलं घर्षण सगळं ताणात जातं आणि स्टड गरजेपेक्षा खूप जास्त ओढला जातो. पेस्ट वापरायची तर टॉर्क कमी करायला हवा. कंपनीने थ्रेडलॉकर सांगितला असेल तर पेस्ट नाहीच.

राहिला प्रश्न कुठे थांबायचं याचा. ब्रॅकेटला केसासारखी जरी चीर दिसली तरी तो टाकून द्यावा, कारण त्यावर इंजिन टांगायचं आहे. चालू मॉडेलचा ब्रॅकेट दुकानात मिळत असेल तर तुटलेल्या स्टडवर दोन दिवस घालवण्यात शहाणपण नाही. पण गाडी जुनी असेल, भाग बंद झाला असेल, आणि कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाला तरी तो तितकाच गंजलेला असणार असेल, तर हातातलाच ब्रॅकेट वाचवणं रास्त. अशा वेळी तेलाला दिलेली एक रात्र हा या कामातला सर्वांत स्वस्त खर्च ठरतो, कारण त्यानंतरची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा महाग आहे आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही.